संध्याकडे कुलूप

सिसिल, तुझ्या वहिनीने तुझ्या महिन्याच्या मिस्साला घुबडांना आमंत्रण द्यायचं ठरवलं होतं. मी वेळेवर पोचले म्हणून निभावलं.

तू गेलीस त्याला बारा दिवस झाले होते. सकाळीच फिलोमिनावहिनींचा फोन आला. "संध्या, सिसूबायच्या कपाटात एक वही सापडली. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला कोणाकोणाला बोलवायचं त्याची यादी करून ठेवली होती वाटतं बिचारीने. पण ह्यातली अर्धी माणसं मला माहीतच नाहीत. तुम्ही या जरा. तुम्हाला याद्यांमधलं कळतं."

ते खरं आहे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं मी याद्याच करते आहे. रिक्षा केली आणि अर्ध्या तासात पापडीला तुमच्या ओटीवर हजर झाले.

वहिनींनी चष्मा लावला. "हे बघा. 'राफेलबाबांकडे. एकटेच. पाण्यात पाय.' राफेलबाब म्हणजे आमच्या चर्चच्या कॉयरचे का? त्यांना जाऊन किती वर्षं झाली! 'सावित्रीमावशीकडे. दोघं, पोरं तीन. धाकटं अशक्त.' ही सावित्री कोण? 'मुकादमाकडे. भरदुपारी आरडाओरडा. पोटात सरडा.' संध्या, पोटात सरडा म्हणजे कसला आजार हो?"

मी हसायला लागले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसत होते आणि थांबताच येईना. वहिनी घाबरल्या, पाणी घेऊन आल्या. मग मी सांगितलं, वहिनी, ही माणसं नाहीत. घुबडं आहेत, तुंगारेश्वरच्या जंगलातली. ज्या झाडावर, ज्या दगडावर ती राहतात त्याला सिसिलने एकेक नाव दिलं होतं, एवढंच.

वहिनींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली, वही टेबलावर ठेवली आणि एका मिनिटाने परत उचलली. "बरं. पण मग हे काय? 'संध्याकडे. कुलूप.' दरवर्षी तेच लिहिलंय. संध्या म्हणजे तुम्हीच ना? तुमच्याकडे कुलूप का?"

उत्तर मला माहीत होतं, पण मी चहा मागितला.

आपली ओळखही मोजणीवरूनच झाली. अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्या वाडीत केळफूल घ्यायला आले होते. तू फणसाखाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, मान वर, मांडीवर कॅमेरा. मी तीनदा "अहो बाई" म्हटलं. तू ओठसुद्धा न हलवता म्हणालीस, "हळू. वर झोपलेत." मी वर पाहिलं. ढोलीच्या तोंडाशी मुठीएवढा पिंगळा बसला होता. एक डोळा मिटलेला, आणि दुसरा माझ्यावर असा रोखलेला की गेटपास विसरलेला माणूस मीच. मी विचारलं, "किती आहेत?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलंस. पुढे तू हे सगळ्यांना सांगायचीस. बाकीचे येतात ते विचारतात, चावतं का, नाहीतर अपशकुनी ना ते. ही बाई विचारते किती आहेत. म्हटलं, ही कामाची.

दोन आठवड्यांनी मी तुझ्यामागून जंगलात चालत होते. पाठीवर पिशवी आणि पिशवीत मी केलेली यादी: पाणी, गूळ-शेंगदाणे, मेणकापड, जादा बॅटरी, टॉवेल, शिट्टी. शिट्टी बघून तू पोट धरून हसली होतीस. "हरवलो तर घुबडांना बोलवणार काय, बाय?" आणि पाच वाजता मी घड्याळ बघितलं तेव्हा म्हणालीस, "नाव संध्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आत घरी पळायला बघते!" सहाच्या आत गेटबाहेर पडायचं असतं हे मी तुला तेव्हाही सांगितलं आणि पुढची अकरा वर्षं सांगत राहिले. माझ्यामुळे आपण एकदाही अडकलो नाही, हे तू कधीच मान्य केलं नाहीस.

मी वर बघत चालायचे आणि ठेचकाळायचे. तू म्हणालीस, "वर कशाला बघते? घर शोधायचं तर उंबरा बघ." उंबरा म्हणजे झाडाखालची जमीन. पाचोळ्यावर, दगडावर पांढरे शिंतोडे दिसले की वर कोणीतरी राहतं. त्याला तू चुना म्हणायचीस. चुना ताजा की जुना हे तू वाकून, चष्मा कपाळावर चढवून ठरवायचीस. घुबडं न पचलेलं खाणं गोळ्या करून ओकून टाकतात. त्या गोळ्या आपण कागदात बांधून आणायचो आणि तुझ्या ओटीवर चिमट्याने सोडवायचो. उंदराचा जबडा, सरड्याचा कणा. राफेलबाबांच्या गोळीत नेहमी खेकड्याची कवचं, कारण ते ओढ्याकाठचं मत्स्यघुबड. वहिनी आतून ओरडायच्या, "ते टेबल जेवणाचं आहे!"

फोटो काढायची तुझी पद्धत मी पहिल्याच महिन्यात लिहून काढली होती. वीस पावलांच्या आत जायचं नाही. फ्लॅश नाही. मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला फसवायचं नाही. बसायचं, वाट बघायची, आणि त्याने बघितलं तर तीन फोटो. चौथा नाही. मी विचारलं, चौथा का नाही? "तीनमध्ये जमलं नाही तर चूक आपली आहे, त्याची नाही. त्याला कशाला त्रास?" तू चाळीस-चाळीस मुलांना चित्रकला शिकवली होतीस. कोणाला किती वेळ टक लावून बघायचं, हे तुला बरोबर ठाऊक होतं.

आणि तो दिवस! राफेलबाबांसाठी आपण तीन रविवार ओढ्यावर बसलो होतो. चौथ्या रविवारी पावणेपाचला ते आले, उतरत्या उन्हात, आपल्या समोरच्या दगडावर. पाण्यात पाय बुडवला, खेकडा काढला आणि मान वळवून आपल्याकडे पाहिलं. तू बटण दाबलंस. कॅमेरा म्हणाला, कार्ड नाही. कार्ड तुझ्या घरी कॉम्प्युटरला लावलेलं होतं. मला रडू यायचं बाकी होतं. तू कॅमेरा मांडीवर ठेवलास, हात बांधलेस आणि म्हणालीस, "बरं झालं. आज फक्त बघायचं." राफेलबाबांनी तो खेकडा अख्खा खाल्ला. एकेक पाय मोडून. आपण वीस मिनिटं नुसत्या बघत होतो. तुझे शेकडो फोटो मी पाहिले आहेत, पण मला पाठ आहे तो हा न काढलेला. दुसऱ्या दिवशी मी पिशवीच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं: कार्ड. अकरा वर्षं ते तिथेच आहे.

भांडणाचंही लिहायला हवं. ते अजून संपलेलं नाही.

माझ्या घुबडांच्या यादीत रकाने होते: तारीख, वेळ, जात, संख्या, झाड, जागा. तुझ्या वहीत फक्त नाव. मी म्हणायचे, "जागा नसेल तर ती नोंद कसली? उद्या इथून रस्ता काढायचं ठरलं तर काय दाखवशील? राफेलबाबांकडे?"

तू म्हणायचीस, "आणि जागा लिहिलीस, तर रस्त्याच्या आधी माणसं तूच आणशील."

"मी कशाला आणू?"

"तू नाही. तुझी यादी आणेल."

सहा वर्षांपूर्वी जानेवारीत मला माझं पहिलं घर सापडलं. तू पुढे गेली होतीस, मी मागे राहिले होते, आणि पाचोळ्यावर मला चुना दिसला. ताजा. वर पाहिलं तर ढोलीत वनघुबड. एक नाही, दोन. मी तुला हाक न मारता हातवारे करून बोलावलं, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम. तू आवाज न करता टाळ्या वाजवल्यास. वहीत लिहिलंस, "संध्याकडे. दोघं." म्हणालीस, "हे घर तुझ्या नावावर."

घरी येऊन मी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठ्याचे इमोजी टाकले. एकाने विचारलं, कुठे हो? आणि मी, तेव्हा वीस वर्षं स्टोअर सांभाळलेली, वस्तू कुठे आहे असं कोणी विचारलं की रॅक, कप्पा, नग सांगणारी, मी पूर्ण उत्तर दिलं. गेट, ओढा, वळण, किती पावलं, कोणत्या दगडापासून डावीकडे.

पुढच्या रविवारी त्या झाडाखाली एकोणीस माणसं होती. मी मोजली. एकजण मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवत होता. एकजण बुंध्यावर काठी मारत होता, बाहेर डोकवावं म्हणून. तिसऱ्याच्या हातात मोबाइल होता, त्यावर माझा मेसेज, कोणीतरी पुढे पाठवलेला. तो तुला म्हणाला, "आन्टी, पत्ता एकदम परफेक्ट आहे. सरळ झाडाखाली येऊन पोचलो."

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. काठीवाल्याच्या हातातून काठी काढून घेतलीस, बाजूला ठेवलीस आणि मला म्हणालीस, "चल." दोन आठवड्यांनी उंबरा कोरा होता.

त्यानंतर पावसाळा संपत येईपर्यंत आपण बोललो नाही. मी फोन हातात घ्यायचे, काय बोलायचं याचे मुद्दे कागदावर काढायचे, कागद घडी करून ठेवायचे. शेवटी गणपतीच्या आदल्या दिवशी तूच दारात उभी राहिलीस, केळ्यांचा अख्खा घड घेऊन. "पिकलाय. एकटी किती खाऊ?" मी चहा टाकला. कोणत्या रविवारी जायचं ते ठरलं. तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. मी तुझ्यासमोर यादीत जागा लिहिणं बंद केलं. घरी येऊन लिहायचे. तुला ते माहीत होतं, मला खात्री आहे.

माझं चुकलं, हे वाक्य दोनच शब्दांचं आहे. तरी सहा वर्षांत मला ते बोलायला जमलं नाही.

आणि आता वहिनींच्या हातातली वही. मी ती घेऊन शेवटपर्यंत वाचली. दर जानेवारीत एक ओळ: संध्याकडे. कुलूप. सहा वेळा. म्हणजे दर जानेवारीत तू तिथे एकटी जात होतीस. मला न सांगता जाऊन दार वाजवून येत होतीस. मी कधी गेले नाही. मला त्या वाटेलाच जाववत नव्हतं.

सातवी ओळ शेवटच्या पानावर होती, तू जायच्या थोडेच दिवस आधीची. "संध्याकडे. उंबऱ्यावर चुना. ताजा!!" सिसिल, मुलांच्या पोस्टरवर दोन उद्गारचिन्हं दिसली तर त्यातलं एक तू लाल पेनाने खोडायचीस. खाली लिहिलं होतं, "तिच्या वाढदिवशी तिला न्यायचं. अट एकच. यादी घरी ठेवून यायचं."

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "कुलूप कसलं ते सांगा ना."

मग मी सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुमचा वाढदिवस कधी?"

मिस्सानंतर चौथ्या दिवशी. मी लगेच पळत गेले असते, पण तू तारीख दिली होतीस आणि मी तारीख पाळते.

मिस्साच्या दिवशी हॉलमध्ये तुझे फोटो लावायचे ठरले होते. वहिनींनी कार्ड स्टुडिओत दिलं, मोठ्या प्रती करून आणल्या. ज्या बाईने घरात घुबडाचा एक फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही, तिने चोवीस लावले, स्वतः स्टुलावर चढून. मला म्हणाल्या, "प्रत्येकाखाली कुठे काढला ते लिहा. लोक विचारणार." आदल्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बसले. डावीकडे तुझी वही, उजवीकडे माझी यादी. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही शेजारी. माझ्या यादीत प्रत्येक घराचा पत्ता होता, पावलांसकट. मी चोवीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी राफेलबाबांचा मुलगा मत्स्यघुबडासमोर उभा राहिला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. घुबड दगडावर खांदे पाडून बसलेलं, कानांचे तुरे लोंबलेले, पिवळे डोळे थेट समोर. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: स्थळ, राफेलबाबांकडे. मी माफीची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "बरोबर आहे. कॉयरमध्ये कोणी बेसूर झालं की पप्पा अस्सेच बघायचे." आणि त्याने बायकोला, बहिणीला, भाच्यांना बोलावून बोलावून दाखवलं. हॉलमध्ये इतका हशा झाला की फादर बघायला आले. चहा पिता पिता कितीतरी जणांनी विचारलं, "पण हे आहे कुठे?" मी म्हटलं, "खाली लिहिलंय की."

माझी यादी मात्र मी फाडलेली नाही. स्टोअरकीपर कागद फाडत नाही. ती लिफाफ्यात घालून, चिकटवून कपाटात ठेवली आहे. झाडं तोडायला कोणी निघालंच, तर उघडीन आणि टेबलावर ठेवीन. तेव्हा तू मान्य करायचंस की अर्धं तरी माझं बरोबर होतं.

वाढदिवशी वहिनी माझ्याबरोबर आल्या. मुलीचे स्पोर्ट्स शूज, खिशात रोझरीची माळ. वाटेत चारदा विचारलं, "माझ्याकडे बघून ओरडलं तर?"

"तर तुम्ही ओरडू नका."

अट पाळून मी पिशवीची यादीसुद्धा घरी ठेवली होती. तुझा कॅमेरा गळ्यात होता. पावलं मोजायचीही नाहीत असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. झाड कोणतं ते इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे. पाचोळ्यावर चुना होता. मी वाकले, तुझ्यासारखा चष्मा कपाळावर चढवला आणि बघितलं. ताजा. वीस पावलं मागे मेणकापडावर आम्ही बसलो. वहिनी एक तास गप्प बसल्या. तुझ्या घरात हे कोणी खरं मानणार नाही.

पाच वाजून गेल्यावर ढोलीत काहीतरी हललं आणि तोंड बाहेर आलं. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी चेहऱ्यावर वर्तुळं, आणि मधोमध दोन काळेभोर डोळे. त्याने वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कॅमेरा उचलला, बटण दाबलं.

कार्ड नाही.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाय," त्या कुजबुजल्या, "ते स्टुडिओवाल्याकडेच राहिलं."

अकरा वर्षं यादीत पहिल्या नंबरावर असलेली वस्तू, सिसिल. ज्या एका दिवशी यादी आणायची नाही म्हणालीस, त्याच दिवशी. मला हसू दाबता येईना, खांदे हलायला लागले, वहिनींचेही. झाडावरच्याने मान एका बाजूला कलती केली. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि हात बांधले. थोड्या वेळाने त्याच्या मागून दुसरं तोंड दिसलं. उजेड कमी होईपर्यंत आम्ही चौघं एकमेकांना बघत होतो.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"कार्ड विसरलं ते."

तुला कळलं असेल.

साडेपाचला उठलो. उतरताना वाटेत तिघे भेटले, हातात लांब लेन्स. "मॅडम, काही दिसलं का? इथे कुठेतरी घुबडांची जोडी आहे म्हणे." माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. ओढा, वळण, दगड, पावलं. सवय कुठे जाते?

"आम्ही ओळखीच्यांकडे गेलो होतो," मी म्हटलं.

"इथे? जंगलात?"

"तर काय," वहिनी चालता चालताच म्हणाल्या. "सहा वर्षं कुलूप होतं. आज भेटले घरी."